सुरुवातीला काळा, शेवटी लाल

जळगाव
९ जानेवारी २०२४

मामा, तुमच्या आणि मामींच्या पाया पडते. या वेळी दुकानातल्या त्या जुन्या वाइंडिंग मशीनच्याही पडते, कारण खरं काम त्यानेच केलंय.

बाराही कॉइल धडधाकट पोचल्या. साबणाच्या डबीत कापूस, कापसात कॉइल, आणि डबीवर मामींच्या अक्षरात ‘हळू’. एसटीच्या पार्सलवाल्याने ती डबी मला दोन्ही हातांनी दिली! केसासारखी तार, पन्नास वेढे, आणि एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. हितेंद्र सर भिंगातून बघून म्हणाले, “हे हाताने केलंय?” मी म्हटलं, माझे मामा आहेत साक्रीचे, जळालेल्या मोटरींत नवी तार भरतात. पीएच.डी.ला सर माझे गाइड आहेत आणि ते सहसा कशाला चांगलं म्हणत नाहीत.

पोरी तू नेमकं करतेस काय, असं तुम्ही दिवाळीत विचारलं होतंत. ऐका. आमच्याकडे एक मोठी काचेची नळी आहे. तिच्यातली हवा काढून घ्यायची, थोडा आर्गॉन वायू सोडायचा आणि विजेने तो पेटवायचा. ट्यूबलाइटमध्ये पेटतो तसाच. त्याला प्लाझ्मा म्हणतात. नळीत दोन तांब्याचे दांडे आहेत. त्यांत विजेचा झटका दिला की दोघांभोवती चुंबकाच्या रेषा तयार होतात आणि मधोमध समोरासमोर येतात, एक वर जाणारी, एक खाली जाणारी. तिथे त्या तुटतात आणि याची टोकं त्याला, त्याची याला अशी नव्याने जुळतात. याला मॅग्नेटिक रिकनेक्शन म्हणतात. सूर्यावरचे मोठे स्फोट याच कारणाने होतात. आमच्या नळीत हे सगळं डोळ्याची पापणी हलण्यापेक्षा हजारो पट लवकर आटोपतं. तुमच्या कॉइल हे त्यातले डोळे आहेत. चुंबक बदललं की कॉइलमध्ये वीज उठते आणि ती प्लस की मायनस यावरून चुंबकाची दिशा कळते.

एक सांगायचं राहिलं, रागावू नका. तुम्ही टोकांना बांधलेले काळे-लाल दोरे मी कातरले. सुती दोरा निर्वात नळीत वाफ सोडत राहतो. त्याऐवजी मी मार्करने खुणा केल्या आहेत.

दिपमाला

साक्री
२० जानेवारी २०२४

दिपमाला, आशीर्वाद तर आहेतच, पण आधी भांडण.

दोरे कातरलेस? अगं, तू आठवीपासून दहावीपर्यंत माझ्याकडे शिकलीस. शाळेतून आलीस की दप्तर फेकून दोरे बांधायला बसायचीस. सुरुवातीला काळा, शेवटी लाल. तुझी बोटं बारीक म्हणून मी ते काम तुलाच द्यायचो. टोक हरवलं की कॉइल मेली, हे तुला कोणी शिकवलं? तुमच्या नळीला सुताचं वावडं असेल तर आधी कळवायचं होतं, मी काचेचा धागा बांधला असता. आणि मार्कर कशाने पुसतो माहीत आहे का? थिनरने. आणि तुम्ही शिकलेली माणसं बठ्ठं काही थिनरनेच धुता.

दुसरं भांडण तुझ्या मामीशी. तुझं पत्र तिनं मोठ्याने वाचलं आणि आठवडे बाजारात सांगून आली, आमची दिपमाला रिकनेक्शनला शे. झालं! सुगंधाबाई दुसऱ्या दिवशी दुकानात अर्ज घेऊन हजर. तिच्या विहिरीवरच्या मोटरीची लाईन वीजवाल्यांनी दिवाळीत तोडलीय. म्हणे, “पोरीला सांगा, मना नंबर लवकर लावजो.” मी तिला म्हटलं, बाई, हे सूर्याचं रिकनेक्शन शे. तर म्हणते, मग आमचं तर त्याच्यापेक्षा लहानच काम आहे. आता यावर काय बोलायचं तूच सांग.

फोन करत जाऊ नको. चाळीस वर्षं मोटरी टेस्टिंगला लावून कान गेले, निम्मं ऐकू येतं आणि निम्मं मी मनाने भरतो. कागदावर लिही. आणि त्या खुणा पक्क्या कर.

मामा

जळगाव
१४ एप्रिल २०२४

मामा, तीन महिने गप्प राहिले, माफ करा. कामात बुडाले होते.

प्रयोग झाला! रेषा तुटताना आणि जुळताना आम्ही मोजल्या. सर खूश आहेत. पेपर परदेशातल्या मासिकाला पाठवला आहे. त्याची एक प्रत सोबत जोडतेय. पान तीनवर तुमच्या कॉइलचा फोटो आहे, मामींना दाखवा. बाकी इंग्रजी किचकट आहे, वाचत बसू नका.

जूनमध्ये माझ्या कामाची तपासणी करायला बाहेरून समिती येणार आहे. ती झाली की प्रबंध लिहायला मोकळी. केळ्याचे वेफर पाठवलेत, तिखटवाले तुमचे.

दिपमाला

साक्री
२७ एप्रिल २०२४

दिपमाला,

पान तीनवरचा फोटो पाहिला. फोटोखालची ओळपण पाहिली.

तुला वाटलं मामाला इंग्रजी येत नाही. चाळीस वर्षं मोटरीची पितळी पट्टी इंग्रजीतच वाचतोय मी. ‘वाइंडर’ हा शब्द मला दिसला, त्याच्यामागे ‘लोकल’ दिसला, म्हणून हायस्कूलचे वना सर मोटर घ्यायला आले तेव्हा त्यांच्यापुढे कागद धरला. ते वाचायला कचरत होते. मी म्हटलं, सर, वाचा. त्यांनी वाचलं, ‘बारापैकी सहा कॉइल स्थानिक वाइंडरने उलट्या दिशेने गुंडाळल्या होत्या. गणितात त्यांचं चिन्ह बदलून दुरुस्ती केली आहे.’

दुकानात तीन गिऱ्हाइकं बसलेली होती. तिघांनीही ऐकलं, आणि तेच मला जास्त लागलं.

स्थानिक वाइंडर! नाव नाही, गाव नाही, चूक तेवढी छापून मोकळे. सहा कॉइल उलट्या? एक नाही, दोन नाही, सहा? साक्रीपासून पिंपळनेरपर्यंत विहिरीविहिरीत माझ्या हातची मोटर शे. एक जरी कॉइल उलटी पडली असती तर मोटर गुरगुरली असती, तापली असती, शेतकरी माझ्या दारात येऊन बसला असता. तुमच्यासारखं कागदावरचं चिन्ह बदलून माझं भागत नाही. मना हात उलटा फिरस नही. राग आला की माझी अहिराणी निघते, वाचून घे.

मामी म्हणते, पोरीने नसेल लिहिलं, तिच्या साहेबाने लिहिलं असेल. कोणी का लिहीना. पेपरावर तुझं नाव पहिलं शे. मला माझं नाव नको त्यात. ती ओळ काढ.

वेफर शेजारी वाटले.

नवल बोरसे, स्थानिक वाइंडर

जळगाव
५ मे २०२४

मामा, अशी सही करू नका हो. वाचवेना मला.

एवढं मनाला लावून घेण्यासारखं खरंच काही नाही. प्रयोगात अशा गोष्टी होतात, त्या लिहून दुरुस्त करायच्या असतात. काय झालं ते सांगते. दोन दांड्यांच्या मधोमध रेषा जिथे तुटतात, तिथे फुलीसारखा आकार होतो. त्या फुलीभोवती चार कोपरे धरून आम्ही प्रत्येकात तीन कॉइल लावल्या. त्या नळीच्या लांबीच्या दिशेने चुंबक किती आहे ते मोजतात. सगळ्यांनी एकच दिशा दाखवायला हवी होती, तर सहा कॉइल प्लस आणि सहा मायनस. असं कसं होईल? मग सरांचं मत पडलं की मोटरीत शेजारशेजारचे चुंबकाचे पोल उलटे असतात, मोटर भरणाऱ्याच्या हाताला एकाआड एक उलट गुंडाळायची सवय असते, त्यातून हे झालं असणार. ते पटण्यासारखं होतं. सहांची चिन्हं बदलली आणि चित्र स्वच्छ आलं.

नळी आता उघडता येत नाही. उघडली तर पुन्हा पुरेशी हवा काढायला तीन आठवडे लागतात, आणि समिती जूनमध्ये येते. शिवाय पेपर गेलाय, मी आता काय करू शकते? निदान तुमचं नाव तर घेतलं नाही, हेच बरं म्हणायचं. कुठल्या कॉइल कुठे आहेत त्याची आकृती सोबत काढून पाठवतेय, म्हणजे तुमची खात्री होईल.

इथे पारा चव्वेचाळीसवर आहे. तब्येतीला जपा.

दिपमाला

साक्री
१२ मे २०२४

दिपमाला,

‘नाव घेतलं नाही हेच बरं’ हे तू लिहिलंस, आणि पुन्हा वाचून पाकिटात घातलंस? शाबास!

आता कान उघडे ठेवून ऐक. तुझ्या साहेबाने मोटर कधी उघडली नसेल, त्याला माफ. पण तू? मोटरीत एकाआड एक उलट गुंडाळतात, हे तू माझ्या दुकानात कधी पाहिलंस? सगळ्या कॉइल एकाच बाजूने गुंडाळतात. एकाच! उलट असते ती जोडणी. शेवटाला शेवट, सुरुवातीला सुरुवात. म्हणून तर दोरे. गुंडाळणं एका दिशेचं आणि जोडणं उलटसुलट, हे तू तेराव्या वर्षी गिऱ्हाइकांना समजावून सांगायचीस, माणसं हसायची. मग साहेबाचं ते मत पडलं तेव्हा तुझ्या तोंडाला काय कुलूप होतं? आणि उलट झालंच असेल तर जोडताना झालं. गुंडाळणं माझं, जोडणं तुझं.

पण ते झालेलंच नाही. तुझ्या आकृतीवर मी दोन दिवस बसलोय. जेवण सुचलं नाही, मामी ओरडली. प्लसवाल्या सहा कुठे शेत? वरच्या डाव्या कोपऱ्यात तीन, खालच्या उजव्या कोपऱ्यात तीन. मायनसवाल्या उरलेल्या दोन कोपऱ्यांत. एकही इकडची तिकडे नाही. अगं बाई, कॉइल डबीतून उचलून कुठे लावायच्या ते तू ठरवलंस. मी इथे साक्रीत. मी चुकलो असतो तर कशाही चुकलो असतो. तुमचे कोपरे मोजून, समोरासमोरचे हेरून चुकायला मी काय ज्योतिषी शे?

मला ती आकृती बघून काय दिसलं सांगू? चार पोलची मोटर. नॉर्थ, साऊथ, नॉर्थ, साऊथ. तुमच्या त्या फुलीभोवती खरोखरच तसं असेल तर? मला सूर्याचं काही कळत नाही. पण इतकं नेमकं आलेलं चित्र बघून मी आधी यंत्राला विचारलं असतं, माणसाला शिव्या नंतर दिल्या असत्या.

नळी उघडू नको. मीपण मोटर उघडल्याशिवाय तपासतो. पार्सलमध्ये तारेचं भेंडोळं शे. ते नळीवर बाहेरून, एकाच दिशेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुंडाळ. प्लाझ्मा पेटवू नको. भेंडोळ्याला गाडीची बॅटरी लाव आणि बटण दाबताक्षणी बाराही कॉइल कुठे उडी घेतात ते बघ. बठ्ठ्या एकीकडे गेल्या तर माझ्या कॉइल सुलट आणि तुझी जोडणीपण बरोबर. सहा इकडे, सहा तिकडे गेल्या तर मी दुकानाची पाटी उतरवतो. खोटं नाही बोलत.

मामा

जळगाव
९ जून २०२४

मामा,

बाराही एकीकडे गेल्या.

मी वीस वेळा बटण दाबलं. बॅटरीची टोकं उलटी केली, तर बाराही दुसरीकडे गेल्या. मग तिथेच स्टुलावर बसून रडले. पुसायला काही नव्हतं, अॅसिटोनची चिंधी तेवढी होती.

तुमचं बरोबर होतं. फुलीभोवती खरोखरच चार पोल असतात. प्लाझ्मातले जड कण आणि हलके कण एकमेकांना सोडून वेगवेगळे पळू लागले की असं होतं. हे जगात इतर ठिकाणी मोजलेलं आहे, मीही वाचलेलं होतं. पण आमच्याएवढ्या लहान नळीत ते दिसेल असं कोणाला वाटलं नव्हतं. आम्ही ते मोजलं होतं मामा, आणि स्वतःच्या हाताने खोडून टाकलं होतं. आमच्या सगळ्या कामातली चांगली गोष्ट तीच होती.

आता जे लिहिते ते नीट वाचा. सरांचं मत पडलं असं मी लिहिलं होतं. ते खोटं आहे. सरांनी मला विचारलं होतं, “या सहा उलट्या का?” आणि मी म्हणाले, “माझे मामा मोटरी भरतात सर, त्यांच्या हाताची सवय असेल.” सर म्हणाले, “असेल.” बस, एवढंच. ती ओळ माझीच आहे.

का म्हणाले तेही सांगते. तुम्ही बजावलं होतंत तसंच झालं, कॉइल धुताना मार्कर पुसला गेला. जोडणी मी त्याआधीच केली होती, पण खुणा गेल्यावर माझी खात्री गेली. मला वाटलं, माझ्याच हातून टोकं उलटी लागली असणार. सरांनी विचारलं तेव्हा मी घाबरले. आणि तुम्ही तिथे नव्हतात. गुंडाळणं एकाच दिशेचं असतं हे मला माहीत होतं मामा. तोंडाला कुलूप नव्हतं, तोंड उघडूनच मी ते बोलले.

दुसऱ्याच दिवशी सरांना सगळं दाखवलं. त्यांनी आलेख स्वतः तपासले. मग म्हणाले, “ठीक आहे, ती ओळ काढू, चिन्हं पूर्ववत करू, नवीन निष्कर्ष घालू. बोभाटा कशाला?” माझ्या अंगाची लाही झाली. ओळ लिहायला हरकत नव्हती, मागे घ्यायला मात्र बोभाटा! मी म्हटलं, सर, चूक केली असं आपण एका माणसाबद्दल लिहिलंय, ती त्याने केलेली नाही असंही आपणच लिहायचं. ते म्हणाले, मग पेपर परत घ्यावा लागेल, तुझं वर्ष जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या. पेपर परत घेतोय असं पत्र मी मासिकाला लिहिलं. पत्रावर त्यांनी सही केली, पण माझ्याकडे न बघता.

समितीपुढेही मीच उभी राहिले आणि आधी चुकीची आकृती दाखवली, मग खरी. पेपर परत घेतलाय. प्रबंध एक वर्ष पुढे गेला. मासिकाला गेलेल्या पत्राची प्रत सोबत आहे. वना सरांकडून मोठ्याने वाचून घ्या, दुकानात गिऱ्हाइकं असतील तेव्हा.

मला माफ कराल का?

दिपमाला

साक्री
१९ जून २०२४

दिपमाला,

पत्र वाचलं. वना सरांनी दोनदा वाचलं. त्या दिवशीच्या तिघांपैकी दोघं होते, तिसऱ्याला मी बोलावून आणलं.

माफ केलं का विचारतेस. नाही केलं. चिन्ह बदललंस त्याचा राग नाही, माणूस घाबरतो. साहेबापुढे घाबरलीस तेही समजलं. पण मला दोन पत्रं लिहिलीस, तब्येत जपा, वेफर खा, आणि पोटात हे ठेवलंस, त्याचा राग शे. तो जाईल तेव्हा जाईल. मामीने तुला लगेच माफ केलं, तिचं आणि माझं त्यावरून वाजलं.

वर्ष गेलं त्याचं वाईट वाटतंय. खरं सांगतो, तू असं करशील असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं, ओळ गुपचूप काढशील आणि मला कळवशील. उभं राहून सांगितलंस हे मामीने गल्लीत सांगितलं, मी नाही. सुगंधाबाईची लाईन जोडली गेली. ती ठामपणे म्हणते, तूच जोडलीस.

नव्या पेपरात ‘स्थानिक वाइंडर’ लिहू नको. नवल ओंकार बोरसे, साक्री, जिल्हा धुळे असं लिही. आधी नको म्हणालो होतो, आता पाहिजे.

पार्सलमध्ये साबणाची डबी शे. तिच्यात तेरावी कॉइल ठेवलीय. तीच एक उलटी शे. मुद्दाम केलीय. तीनदा बसलो आणि तीनदा हात आपोआप सुलटाच फिरला, तार वाया गेली. चौथ्यांदा मामीने मनगट धरून फिरवला, तेव्हा जमली. तार ज्यावर गुंडाळलीय त्या बॉबिनची खाच खाली धरून काळ्या दोऱ्यापासून बघ, वेढा कुठे जातो ते दिसेल. तिचे दोरे कातरू नको, ती नळीत घालायची नाही.

ती तुझ्या टेबलावर ठेव. पुन्हा कोणी म्हणालं की वाइंडरने उलटी गुंडाळली, तर आधी ती त्याच्या हातात दे आणि विचार, अशी होती का? म्हणणारी तू असलीस, तरी विचार.

मामा